विकिमीडिया कॉमन्सवर पहिला फोटो टाकताना

तुमच्या फोनमध्ये किल्ल्यांचे, देवळांचे, बारवांचे, जत्रांचे फोटो पडून असतील आणि ते चार लोकांच्या कामी यावेत असं वाटत असेल, तर विकिमीडिया कॉमन्स ही त्यासाठी उत्तम जागा आहे. विकिपीडियाच्या लेखांत दिसणारी बहुतेक चित्रं इथूनच येतात. ७ सप्टेंबर २००४ रोजी हे संकेतस्थळ सुरू झालं. आज तिथे १० कोटींहून जास्त फाइली आहेत. चालवणारी संस्था विकिमीडिया फाउंडेशन, ना-नफा तत्त्वावरची. त्यामुळे जाहिराती नाहीत, वर्गणी नाही आणि किती फोटो टाकावेत याला मर्यादाही नाही.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर टाकलेला फोटो दोन-चार दिवस फिरतो आणि मग खाली जातो. फ्लिकर ही छायाचित्रकारांची जुनी, चांगली जागा, पण तिथल्या मोफत खात्यात १००० फोटोंपर्यंतच ठेवता येतात आणि मांडणी छायाचित्रकाराच्या नावाभोवती असते. कॉमन्सवर मांडणी विषयाभोवती आहे. तिथे कोणी तुम्हाला फॉलो करत नाही, लाइक मोजत नाही. पण सिन्नरच्या देवळावर प्रकल्प करणारी सातवीतली मुलगी, पुस्तक छापणारा प्रकाशक, वास्तुकलेचा अभ्यास करणारा परदेशातला माणूस, हे सगळे तुमचा फोटो शोधून, न विचारता वापरू शकतात.

शोधून हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. फोटो चढवणं पाच मिनिटांचं काम आहे. तो सापडेल आणि समजेल अशी नोंद त्याच्याबरोबर लिहिणं हे खरं काम, आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो. म्हणून पुढे त्या पायरीवर मी जास्त वेळ थांबलो आहे.

खातं उघडण्याआधी: परवाना नीट समजून घ्या

कॉमन्सवर फोटो टाकताना तुम्ही तो मुक्त परवान्याखाली देता. साधारणपणे निवडला जाणारा परवाना म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय-एसए ४.०'. त्याचा अर्थ असा: कोणीही तुमचा फोटो वापरू शकतो, छापू शकतो, त्यात बदल करू शकतो, अगदी विकूही शकतो. त्याच्यावर अटी दोन. तुमचं नाव आणि परवाना यांचा उल्लेख करायचा, आणि फोटोत काही बदल करून नवीन चित्र केलं तर तेही याच परवान्याखाली द्यायचं. 'सीसी बाय ४.०' मध्ये फक्त श्रेयाची अट आहे. 'सीसी झिरो'मध्ये तीही नाही.

'वापरा, पण धंद्यासाठी नको' अशी अट घालता येईल का, असं बरेच जण विचारतात. कॉमन्सवर ती चालत नाही. दिनदर्शिका छापणाऱ्याने तुमचा रायगडाचा फोटो छापला आणि खाली तुमचं नाव दिलं, तर तुम्हाला एक रुपयाही न देता ते पूर्ण कायदेशीर आहे. शिवाय एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. फोटोचा मूळ हक्क मात्र तुमच्याकडेच राहतो. तोच फोटो तुम्ही स्वतः विकू शकता, स्पर्धेला पाठवू शकता, पुस्तकात छापू शकता. हे मान्य नसेल तर तो विशिष्ट फोटो टाकू नका. ज्यावर तुमचं पोट चालतं असे फोटो बाजूला ठेवून बाकीचे देणारे व्यावसायिक छायाचित्रकार आहेत, आणि ती पद्धत मला अगदी योग्य वाटते.

कोणता फोटो चालतो, कोणता नाही

पहिली कसोटी: फोटो तुम्ही स्वतः काढलेला असावा. ज्याने बटण दाबलं तो छायाचित्रकार. तुमच्या फोनवर तुमचा फोटो मित्राने काढला असेल, तर हक्क मित्राचा. आजोबांच्या पेटीत सापडलेला स्टुडिओतला फोटो तुमच्या घरात आहे, म्हणून त्याचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. जुन्या फोटोंना मुदतीचे वेगळे नियम आहेत आणि ते गुंतागुंतीचे आहेत, तेव्हा सुरुवात त्यांनी करू नका. गुगलवरून, बातमीतून, व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आलेला फोटो तर मुळीच नको.

दुसरी कसोटी: फोटोत दुसऱ्याची कलाकृती आहे का? पुस्तकाचं मुखपृष्ठ, सिनेमाचं पोस्टर, पाकिटावरचं चित्र यांचे हक्क त्या त्या कलाकाराचे किंवा कंपनीचे असतात. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातलं कलम ५२ आपल्याला यात बरीच मोकळीक देतं. इमारतींचे फोटो चालतात. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या पुतळ्यांचेही चालतात, म्हणजे चौकातला अश्वारूढ पुतळा खुशाल टाका. पण भिंतीवर रंगवलेलं आजच्या चित्रकाराचं भित्तिचित्र या सवलतीत बसत नाही. गणेशोत्सवातला देखावाही कायमचा नसतो, त्यामुळे तिथेही ही सवलत धरून चालता येत नाही. मिरवणूक, ढोल-ताशा पथक, मंडपाबाहेरची गर्दी यांचे फोटो घ्या. त्यांची गरजही जास्त आहे.

चौकाच्या फोटोत कोपऱ्यात एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स आला तर घाबरू नका. तो फोटोचा विषय नसेल आणि सहज आलेला असेल तर अडत नाही.

तिसरी कसोटी उपयोगाची. कॉमन्स हा घरचा अल्बम नव्हे. सहलीतले ग्रुप फोटो, सेल्फी, शुभेच्छांची चित्रं तिथे काढून टाकली जातात. शेतातली पेरणी, कोल्हापुरी बंधारा, तालुक्याचं एसटी स्थानक, आठवडी बाजारातली मिरचीची रास, लाकडी घाणा हे सगळं मात्र हवं आहे. ज्याला आपण 'यात काय फोटो काढायचा' म्हणतो, तेच तिथे कमी असतं. ताजमहालाचे फोटो भरपूर आहेत. तुमच्या गावच्या वेशीचा बहुधा एकही नाही.

आणि माणसं. पालखी सोहळ्यातली गर्दी, टाळ-मृदंग घेतलेले वारकरी हे सार्वजनिक दृश्य आहे. पण एकाच व्यक्तीचा चेहरा जवळून घेतला असेल तर तिला विचारा, आणि फोटो कोणीही कुठेही वापरू शकेल हेही सांगा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो लोक सर्रास काढतात. ते कॉमन्सवर टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.

खातं उघडणं

कॉमन्सच्या मुख्य पानावर वरच्या कोपऱ्यात खातं तयार करण्याचा दुवा आहे. सदस्यनाव, पासवर्ड आणि ईमेल एवढंच लागतं. ईमेल सक्तीचा नाही, पण जरूर द्या. पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळवायचा तोच सोपा मार्ग आहे. विकिपीडियावर तुमचं खातं आधीपासून असेल तर नवीन उघडू नका, तेच इथेही चालतं.

सदस्यनाव निवडताना थोडा विचार करा. प्रत्येक फोटोखाली ते कायम दिसणार आहे आणि श्रेय त्याच नावाने दिलं जाईल. खरं नाव ठेवा किंवा टोपणनाव, दोन्ही चालतं. देवनागरीतही चालतं. दुकानाचं किंवा संस्थेचं नाव मात्र ठेवू नका, त्यावर हरकत येते.

खातं उघडलं की 'माझ्या पसंती'त जाऊन भाषा मराठी करून घ्या. सगळ्याच सूचना मराठीत दिसतील असं नाही, काही इंग्रजीत राहतात, पण बऱ्याच जागी मराठी येते.

फाईल तयार ठेवा

मूळ फाईल टाका. म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनच्या गॅलरीतून थेट घेतलेली, पूर्ण आकाराची. व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवून संगणकावर घेतलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा, ठिकाण ही आतली माहिती पुसली जाते. असा फोटो पाहिला की कॉमन्सवरच्या जुन्या सदस्यांना तो कुठून तरी उचललेला वाटतो, आणि तुमचा स्वतःचा फोटो असूनही प्रश्न विचारले जातात. फोन केबलने जोडा, किंवा ड्राइव्हवरून मूळ फाईल उतरवून घ्या.

बऱ्याच फोनमध्ये फोटोच्या खालच्या कोपऱ्यात मॉडेलचं नाव छापून येतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आजच बंद करा. तारखेचा शिक्काही बंद करा. स्वतःच्या नावाचा वॉटरमार्कही नको. नाव पानावर असतंच, आणि चित्रावर छापलेलं नाव लेखात लावताना अडचण करतं.

फाईलचा प्रकार जेपेग असला की पुरे. आयफोन वापरत असाल तर तो आपणहून हाइक (HEIC) प्रकारात फोटो साठवतो आणि कॉमन्स तो घेत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. व्हिडिओच्या बाबतीत एमपी४ चालत नाही, वेबएममध्ये बदलून घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी व्हिडिओच्या नादी लागू नका.

फोटो तिरका असेल तर सरळ करा, काळवंडला असेल तर थोडा उजळा. आकाश निळं करणारे, ढग बदलणारे फिल्टर मात्र नकोत. इथे फोटो हा पुरावा असतो, आणि रंगवलेलं आकाश तो पुरावा खोटा करतं.

फोटोमध्ये जीपीएसचं ठिकाण साठलेलं असेल तर तेही सगळ्यांना दिसतं, हे लक्षात ठेवा. किल्ल्यासाठी ते फायद्याचं. घराच्या अंगणातल्या फुलाचा फोटो असेल तर ठिकाण काढून टाका. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचंही देऊ नका. माझं आणखी एक सांगणं आहे: आडबाजूच्या, राखण नसलेल्या देवळातल्या छोट्या, उचलून नेता येतील अशा मूर्तींचं अचूक ठिकाण देऊ नका. गाव आणि तालुका एवढं पुरे. मूर्तिचोरी हा आपल्याकडे खरा धोका आहे.

अपलोड विझार्ड

डावीकडच्या यादीत किंवा मुख्य पानावर अपलोडचा दुवा दिसेल. त्याने 'अपलोड विझार्ड' उघडतो. पहिल्यांदा एक चित्रमय माहितीपत्रक दिसतं, ते वाचून पुढे जा. मग फाइली निवडा. अनेक फाइली एकदम निवडता येतात, पण पहिल्या खेपेला दोन-तीनच घ्या.

पुढच्या पायरीवर हक्कांची विचारणा होते. फोटो पूर्णपणे तुमचा आहे की दुसऱ्याचा, त्यात दुसऱ्याची कलाकृती आहे का, एआयने तयार केलेला आहे का. खरं ते सांगा आणि परवाना निवडा. मनात शंका असेल तर इथेच थांबायला हरकत नाही. यानंतर येतं ते वर्णनाचं पान.

नाव आणि वर्णन

इथे चार गोष्टी भरायच्या असतात: फाईलचं नाव, छोटा मथळा, वर्णन आणि तारीख. फोटोत तारीख साठलेली असेल तर ती आपोआप भरली जाते. फोनचं घड्याळ बरोबर होतं ना, एवढं पाहा.

फाईलचं नाव म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला आकडा नव्हे. 'आयएमजी' आणि पुढे आकडे असं नाव ठेवलंत तर विझार्ड ते स्वीकारतच नाही. 'मंदिर', 'सुंदर दृश्य' ही नावंही निरुपयोगी. नाव इंग्रजीत द्या किंवा मराठीत, पण त्यातून विषय कळला पाहिजे: 'गोंदेश्वर मंदिर सिन्नर, मुख्य शिखर'. त्याच विषयाचे अनेक फोटो असतील तर शेवटी ०१, ०२ असे आकडे लावा. नाव नंतर तुम्हाला स्वतःला बदलता येत नाही. तशी विनंती करावी लागते आणि अधिकार असलेला सदस्य ते बदलतो.

छोटा मथळा २५० अक्षरांच्या आत बसवायचा असतो आणि वेगवेगळ्या भाषांत देता येतो. मराठी मथळा जरूर भरा. जमलं तर इंग्रजीही द्या, कारण बाहेरचा माणूस इंग्रजीतच शोधणार.

आता वर्णन. याच गोंदेश्वराचं उदाहरण घेऊ. नवखा माणूस लिहितो: 'सिन्नरचं प्राचीन शिवमंदिर, खूप सुंदर कोरीव काम.' यातून वाचणाऱ्याला काय मिळालं? त्याऐवजी हे पाहा: 'सिन्नर (ता. सिन्नर, जि. नाशिक) येथील गोंदेश्वर मंदिर. यादवकालीन, भूमिज शैली, पंचायतन रचना. चित्रात मुख्य मंदिराचे शिखर व मंडप; डावीकडे उपमंदिरांपैकी एक, समोर नंदीमंडप.' आता फोटो कुठला, कशाचा आणि त्यात कोणता भाग दिसतो आहे, हे तिथे कधीही न गेलेल्या माणसालाही कळतं. 'सुंदर' हा शब्द लिहायची गरज उरत नाही, ते फोटोत दिसतं.

गावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहायची सवय लावून घ्या. महाराष्ट्रात पिंपळगाव, वडगाव, शिवणी या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नुसतं 'वडगाव येथील बारव' असं लिहिलं तर दहा वर्षांनी ती बारव कुठली हे कोणालाच सांगता येणार नाही. जिल्ह्याचं नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं द्या: छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर). जुन्या नावाने शोधणारे अजून पुष्कळ आहेत.

वीरगळीचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडाचं, उदाहरण याहून महत्त्वाचं, कारण गावोगावच्या वीरगळींची कुठे नोंदच नसते. समजा मारुतीच्या देवळामागे दोन वीरगळ उभे आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरका उजेड असताना फोटो घ्या. भर दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. एक फोटो समोरून सरळ, एक बाजूने, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा लांबून. वर्णनात किती चौकटी आहेत ते लिहा आणि खालून वर प्रत्येकीत काय दिसतं ते सांगा: खाली लढाई किंवा पडलेला वीर, बाजूला गाई असतील तर त्या, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. सगळ्यांवर सगळं नसतं, जे दिसतं तेवढंच लिहा. दगडाची अंदाजे उंची लिहा. गावातले लोक त्याला काय म्हणतात, त्याला शेंदूर लावतात का, कोणत्या दिवशी नैवेद्य दाखवतात, हे विचारून घ्या आणि 'गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार' असं म्हणून नोंदवा. नक्षी उठून दिसावी म्हणून दगडावर खडू, पाणी, तेल काहीही लावू नका.

जे ठाऊक नाही ते ठोकून देऊ नका. 'हेमाडपंती' हा शिक्का आपण प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळावर मारतो. शैलीची खात्री नसेल तर 'दगडी बांधणीचे जुने मंदिर' असं लिहा. तुमच्या नोंदीवरून कोणी उद्या विकिपीडियात लिहील, आणि तिथून ते शाळेच्या फळ्यावर जाईल.

एकाच ठिकाणचे बरेच फोटो असतील तर पहिल्या फोटोची माहिती पुढच्या सगळ्यांना लावायची सोय विझार्डमध्ये आहे. ती वापरा, पण नंतर प्रत्येक फोटोपाशी थांबून वेगळा भाग वेगळा लिहा.

वर्ग लावणं

वर्ग म्हणजे विषयांची उतरंड. वर्गांची नावं कॉमन्सवर इंग्रजीत असतात, हा तिथला नियम आहे. योग्य वर्ग शोधायची सोपी युक्ती अशी: कॉमन्सच्या शोधपेटीत त्या विषयाचं इंग्रजी नाव टाका, आधीपासून असलेला एखादा फोटो उघडा आणि त्याच्या पानाच्या तळाशी कोणते वर्ग आहेत ते पाहा. वीरगळीसाठी 'हीरो स्टोन', बारवेसाठी 'स्टेपवेल' असं इंग्रजीत शोधा.

शक्य तितका नेमका वर्ग लावा. गोंदेश्वर मंदिराचा वर्ग असताना वर आणखी महाराष्ट्रातली मंदिरं, भारतातली मंदिरं असे वर्ग लावायचे नसतात. नेमका वर्ग आपणच त्या मोठ्या वर्गांत बसलेला असतो. तुमच्या गावाचा वर्गच नसेल तर तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा लावा. पुढे फोटो वाढले की गावाचा वर्ग तयार करता येतो. 'पसंती'तल्या गॅजेटच्या यादीत 'हॉटकॅट' नावाचं साधन सुरू केलंत तर पानाच्या तळाशी अधिक-उणे अशी चिन्हं येतात आणि एका टिचकीवर वर्ग बदलता येतो.

चढवून झाल्यावर

फोटो लगेच सगळ्यांना दिसू लागतो. पुढचे काही दिवस अधूनमधून लॉगिन करून वरची सूचना-घंटा बघत राहा. एखाद्या फोटोवर शंका आली तर तुमच्या चर्चा पानावर संदेश येतो. तो यंत्राने पाठवलेला, कोरडा आणि लांबलचक असतो, वर लाल चौकटही असते. वैयक्तिक समजू नका. उघड प्रताधिकारभंग असेल तर फोटो तडकाफडकी काढला जातो. बाकी वेळी चर्चा उघडली जाते आणि ती साधारण सात दिवस चालते. तिथे जाऊन दोन वाक्यांत सांगा: फोटो मी अमुक दिवशी अमुक कॅमेऱ्याने काढला, मूळ फाईल माझ्याकडे आहे. शांतपणे दिलेलं उत्तर बहुतेक वेळा पुरतं. तोच फोटो पुन्हा पुन्हा चढवू नका, त्याने खातं बंद होण्याची वेळ येते.

तुम्हालाच चूक उमगली, म्हणजे भलताच फोटो गेला किंवा घराचं ठिकाण दिसतं आहे, तर सात दिवसांच्या आत काढून टाकायची विनंती करा. फोटो कुठे वापरलेला नसेल तर अशी विनंती सहसा मान्य होते. उशीर झाला की अवघड जातं.

भावाने किंवा ट्रेकच्या मित्राने काढलेले चांगले फोटो टाकायचे असतील तर सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्यालाच खातं उघडायला लावणं. ते जमत नसेल तर त्याने स्वतःच्या ईमेलवरून विकिमीडियाच्या परवानगी पथकाला ठरलेल्या मसुद्यात पत्र पाठवावं लागतं. इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या ब्लॉगवर आधी टाकलेल्या तुमच्याच फोटोंबाबतही असा पुरावा मागितला जाऊ शकतो. म्हणून आधी कॉमन्सवर टाका, मग हवं तिथे टाका.

फोटो लेखात लावणं

कॉमन्सवर फोटो गेला की तो आपोआप विकिपीडियात येत नाही. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाचं किंवा किल्ल्याचं पान उघडा. गावांची कितीतरी पानं तिथे दोन-चार ओळींची आणि विनाचित्र आहेत. 'संपादन' उघडून दृश्य संपादकातल्या घालण्याच्या यादीतून चित्र निवडा, फाईलचं नाव शोधा आणि खाली मराठीत ओळ लिहा. स्रोत संपादनात करायचं असेल तर दुहेरी चौकटी कंसात 'चित्र:' लिहून फाईलचं नाव, मग उभी रेघ, 'इवलेसे', पुन्हा उभी रेघ आणि ओळ, एवढंच लागतं. पानावर आधीच चांगला फोटो असेल तर तो काढून स्वतःचा लावू नका. लेखात जो भाग चित्राविना आहे तिथे तुमचा लावा. एका लेखात एकाच वेशीचे पाच फोटोही नकोत.

पुढे

हात बसला की स्पर्धांमध्ये भाग घेऊन पाहा. 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांच्या फोटोंची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, २०१२ पासून भारत तिच्यात उतरला. ती सहसा सप्टेंबरात असते, म्हणजे आपल्याकडे किल्ले हिरवेगार असताना. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, प्रतापगड यांचे फोटो पुष्कळ निघतात. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग इथे जाणारे कमी. जाणं झालं तर नुसता दरवाजा आणि सूर्यास्त न घेता पाण्याची टाकी, तटबंदीतली शौचकूपं, तोफांवरची अक्षरं, चुन्याचा घाणा यांचे फोटो घ्या. दशावतार, वासुदेव, गोंधळी, बोहाडा यांत रस असेल तर दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास 'विकी लव्हज फोकलोर' ही लोकपरंपरांच्या फोटोंची स्पर्धा असते. कलाकारांची परवानगी आणि त्यांच्या संमतीने त्यांच्या गावाचं नाव तेवढं टिपून घ्या.

कॉमन्सवर 'क्वालिटी इमेज' असा मान देतात. त्यासाठी किमान २ मेगापिक्सेलचा, तांत्रिकदृष्ट्या नेटका फोटो लागतो. आजचा साधा फोनही आकाराची अट सहज पूर्ण करतो, खरी अडचण हललेल्या हाताची आणि तिरक्या क्षितिजाची असते. नामांकन तुम्ही स्वतः करू शकता. नाकारला गेला तरी का नाकारला ते लोक लिहितात, आणि ते वाचून पुढचा फोटो सुधारतो.

अँड्रॉइड फोनवर 'कॉमन्स' नावाचं अॅप आहे. त्यात तुमच्या जवळपासच्या ज्या जागांना फोटो नाही त्या नकाशावर दिसतात. तालुक्याच्या बाजाराला निघताना एकदा तो नकाशा उघडा, वाटेत काय लागतं ते कळेल. कुठे अडलं तर मराठी विकिपीडियाच्या 'चावडी' या पानावर मराठीतच विचारा. प्रश्नाबरोबर फाईलच्या पानाचा दुवा द्या आणि नेमकी कोणती सूचना येते आहे ती जशीच्या तशी उतरवा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला तुम्ही कुठे अडला आहात ते शोधत बसावं लागणार नाही.